सांभाराले डबा कायले?

आमच्या वऱ्हाडात मुद्दाम फिरायला कोणी येत नाही. चिखलदऱ्याला जाणारे लोक परतवाडा मागे पडल्यावरच खिडकीबाहेर बघू लागतात, आणि नागपूरच्या गाडीतले प्रवासी अकोला-बडनेरा झोपेत पार करतात. म्हणून मी माझ्या कोइंबतूरच्या मैत्रिणीला म्हटलं, "या सुट्टीत माझ्या गावी चल," तेव्हा सेल्वीने साहजिकच विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?"

मी थोडा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "बघण्यासारखं फारसं नाही. खाण्यासारखं आहे."

मी वैशाली, दर्यापूरची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबांनी आणि मायनं शेतात राबून मला अमरावतीला शिकायला ठेवलं, त्या शिक्षणावर मला कोइंबतूरच्या एका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. कापसाचा तंतू किती लांब, धागा किती मजबूत, हे तपासायचं माझं काम. आमच्या शेतातला कापूस चार गावं फिरून शेवटी सूत व्हायला कोइंबतूरलाच येतो, तशीच मीही आले. त्या शहराने मला पगार दिला, मान दिला आणि शेजारच्या टेबलावर बसणारी सेल्वी दिली. त्याच्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही.

तक्रार आहे ती जिभेची. इडली मला आवडते, रसम तर फारच आवडतं. पण ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि तेलात परतलेला ठेचा यांची आठवण वेळ बघून येत नाही. भर मीटिंगमध्ये येते. हिवाळ्यात तर फारच, कारण कोइंबतूरला हिवाळा येत नाही आणि वऱ्हाडात हिवाळा म्हणजे सांभारवडी. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते : आम्ही कोथिंबिरीला सांभार म्हणतो. थंडीत सांभार भाऱ्याने येतो. तो धुवायचा, फडक्यावर सुकवायचा, बारीक चिरून खोबरं, खसखस, तीळ, तिखट घालून परतायचा. मग बेसनाच्या पातळ पोळीत भरायचा, घडी घालायची आणि तळायची. सोबत कढी. सेल्वीला हे सगळं मी तमिळमध्ये समजावलं होतं, त्यामुळे तिच्या डोक्यात त्या पदार्थाचं नाव 'कोत्तमल्ली रोल' असं पक्कं झालं होतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ माझ्या या भाषांतरात आहे.

खाण्याचं निमित्त खरं होतं, पण जाण्याचं कारण दुसरं होतं. मला मायला घेऊन यायचं होतं. बाबा गेल्यापासून ती दर्यापूरला एकटी राहते. शेत बटईने दिलेलं आहे. मागच्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली आणि शेजारच्या शकुंतलाकाकू ताक मागायला येईपर्यंत तशीच बसून राहिली. मला हे कळलं महिन्याने, आणि तेही काकूंकडून. त्याच्या आदल्या वर्षी माय एकदा कोइंबतूरला आली होती. महिनाभर राहीन म्हणाली आणि आठवड्यात परत गेली. "तथी खाण्याची गत नाई," एवढंच तिचं म्हणणं. यावेळी मी परतीची तीन तिकिटं काढली होती. तिसरं मायचं होतं.

अकोला

हैदराबादेत गाडी बदलून आम्ही सकाळी अकोल्याला उतरलो. थंडी चांगली पडली होती. सेल्वीने शाल डोक्यावरून घेतली आणि विचारलं, "हे लोक भांडतायत का?"

स्टेशनबाहेर दोन ऑटोवाले बोलत होते. एक म्हणत होता, "काहून बे, काल आला नाई? वाट पाहून पाहून जेवन थंडं झालं!" दुसरा म्हणत होता, "अबे, गाडीच बंद पडली ना! मी का तुह्यासाठी पायी येऊ?"

"नाही," मी म्हटलं, "तो त्याला जेवायला का आला नाही म्हणून रागावतोय."

"एवढ्या जोरात?"

"प्रेम आहे ना."

सेल्वीला हे पटायला दोन दिवस लागले. तिच्याकडे माणसं राग आला की हळू बोलतात. आमच्याकडे कोणी हळू बोलू लागलं की डॉक्टरला बोलवतात.

बसस्टँडजवळ एका हातगाडीवर आलूबोंडा तळला जात होता. वाटीत बोंडा, त्यावर तिखट रस्सा, वरून कांदा आणि सांभार. मी "दोन आलूबोंडे" म्हणाले आणि सेल्वी एकदम फुलली. "बोंडा! हा तर आमचा शब्द!"

"आमचापण आहे. कापसाच्या फळालाही आम्ही बोंड म्हणतो."

ती खाता खाता हसत सुटली. रोज कापूस तपासणाऱ्या मुलीला बोंड आणि बोंडा एकाच सकाळी भेटले होते. रस्सा पिऊन तिच्या नाकातून पाणी आलं, तरी तिने वाटी पुढे केली. गाडीवाल्याने न विचारता आणखी रस्सा ओतला. "घ्या ताई, घ्या. रस्श्याले कोनी नाई म्हनत नाई."

मी उभ्या उभ्या दोन बोंडे संपवले. माझ्या जिभेला खूप दिवसांनी कोणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटलं.

दर्यापूर

अकोल्याहून बसने दर्यापूर. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणी होत आलेला कापूस, पिवळी पडू लागलेली तूर. आमचा हा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे विहिरीचं पाणी खारं. गावात उतरल्यावर सेल्वीने हौसेने घराजवळच्या हापशाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची चेष्टाच केली आहे. नळाचं पाणी गोड आहे, हे मी आधी सांगायला हवं होतं.

माय दारात उभी होती. मला पाहून तिने पहिलं वाक्य टाकलं, "काहून वो वैशू, एवढी वाळली? खात-गित नाई काय तथी?" मी मागच्यापेक्षा जाडच झाले आहे, पण मायच्या तराजूत ते दिसत नाही. मग सेल्वीकडे वळली. "अन् हे पोरगी कोन? नाव काय म्हनलं?"

"सेल्वी."

"शेवंती?"

"सेल्वी, माय."

"हो, हो, शेवंतीच म्हनून राहिली ना मी." तिथून पुढे सेल्वीची शेवंती झाली. तिला ते फुलाचं नाव आहे हे कळल्यावर ती आणखीच खूश झाली.

पहिल्या जेवणाला भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, वरण आणि कांदा. ठेच्याबद्दल मी सेल्वीला सावध केलं होतं, पण ठेचा तिने सहज खाल्ला. अडचण आली ती भाकरीची. तमिळ माणसाच्या जेवणात सगळं वाहतं असतं. सेल्वी कोरडी भाकर चावत राहिली, चावत राहिली आणि शेवटी तिने वरणाची अख्खी वाटी त्यावर उपडी केली. माय बघत होती.

"भात मांगून राहिली काय ते?"

"हो."

"आंधी भाकर खाऊ दे. भात शेवटी." आमच्याकडे भात म्हणजे जेवण संपल्याची सूचना. मूठभर, वरणासोबत, पाट उचलायच्या आधी. सेल्वीकडे भात म्हणजे जेवणच. त्या दिवशी माय भात वाढत गेली आणि सेल्वी घेत गेली, आणि दोघींनाही आपण काहीतरी चुकतोय असं वाटत राहिलं.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. "माय, तिकिट काढलं तुह्यं. चाल ना माह्यासंग."

"कायले काढलं? मी नाई येत बापा."

"काहून पन?"

"सांगतलं ना मांगच्या वेळी. सकाळी भाताचं, दुपारी भात, राती पुन्हा भाताचं. ते इडली म्हनजे आजाऱ्याचं खानं. मानूस बरा असला तं बीमार पडते."

"मी भाकर करून देईन."

"तू सकाळी जाते अन् संध्याकाळी येते. दिवसभर मी का भिंतीसंग भाकर खाऊ?"

तिकीट रद्द करायची शेवटची तारीख मी मनात धरली आणि ताटं आवरायला घेतली. सेल्वीला आमच्या बोलण्यातलं काही कळलं नसावं. पण झोपताना ती म्हणाली, "तुझी आई येणार नाही म्हणतेय ना? 'नाई' हा शब्द मला आता येतो."

शेतात रोडगे

दुसऱ्या दिवशी मायनं शेतात रोडग्यांचा बेत केला. शकुंतलाकाकूही आल्या. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यावर तुपाची धार सोडायची आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. गोवऱ्या बघून सेल्वी जरा थबकली. मग म्हणाली, "पोंगलला आम्हीपण अंगणातच चूल मांडतो," आणि बिनदिक्कत राखेत हात घालून रोडगा उलटू लागली. तिचा हात भाजला. काकूंनी तो धरून थेट तुपाच्या वाटीत बुडवला.

"आता चाट," काकू म्हणाल्या. मी भाषांतर केलं. सेल्वीने खरंच चाटला आणि सगळ्या हसल्या.

काकूंना मात्र एक प्रश्न सोडत नव्हता. "काय वो कमला, तू पोरीच्या घरी गेली तं तथी खाल्लं काय?"

"शेवग्याच्या शेंगा," माय म्हणाली.

"अन्?"

"शेवग्याच्या शेंगा."

"आठ दिवस?"

माय निखारे सारत राहिली. मला मात्र ते आठवलं. त्या आठवड्यात मी कामावरून आले की दर दुसऱ्या दिवशी ओट्यावर शेंगांचा ढीग असायचा. मी विचारलं, "माय, पुन्हा शेंगा?" तर म्हणायची, "चांगल्या दिसल्या म्हनून आनल्या." मला वाटलं, तिला आवडल्या असतील. मीही आनंदाने शेंगा चोखत बसायची.

शेतातून येताना आम्ही तुरीच्या शेंगा तोडल्या, घरी मीठ घालून उकडल्या. सेल्वीने त्याही खाल्ल्या. पण तिचं बोलणं कमी झालं होतं. ताटात ती चमच्याने उगीच वरण ढवळायची. विचारलं तर "छान आहे, छान आहे" म्हणायची. ते 'छान आहे' मी ओळखते. कोइंबतूरला पहिल्या वर्षी मीही सगळ्यांना तेच सांगायची.

सांभारवाला

त्यानंतरच्या सकाळी मी नहाणीत होते आणि माय मागे चूल पेटवत होती. सेल्वी अंगणात उन्हाला बसली होती. गल्लीच्या टोकाकडून आवाज आला, "ए सांभाऽऽर! सांभार घ्या, ताजा सांभाऽऽर!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोइंबतूरला आमच्या भागात सकाळी सायकलवर एक माणूस इडली-सांबार विकायला येतो. लोक घरातून डबा घेऊन जातात. सेल्वी लहानपणापासून हे बघत आलेली. आणि पातळ काहीतरी मिळावं म्हणून तिचा जीव दोन दिवसांपासून कासावीस होता.

पुढचं मी काकूंकडून ऐकलं, कारण त्या ओट्यावर दात घासत होत्या. सेल्वी वीज लागल्यासारखी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने मायचा सगळ्यात मोठा स्टीलचा डबा उचलला आणि धावत गल्लीत गेली. लोटगाडीपुढे डबा धरून म्हणाली, "सांभार! सांभार!"

गाडीवाल्याने डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "सांभाराले डबा कायले, बाई? थैली आना ना."

"सांभार," सेल्वीने डबा आणखी पुढे केला.

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा त्याचा स्वभाव नसावा. त्याने एक जाड जुडी उचलली, देठं डब्यात घातली आणि वर पाणी शिंपडलं. सेल्वीने डब्यात वाकून बघितलं. पाला बाजूला सारून तळ बघितला. मग गाडीखाली बघितलं, कुठे पातेलं ठेवलंय का म्हणून. काकूंच्या तोंडातून मंजन उडालं.

मी ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा सेल्वी अंगणाच्या मध्यभागी उभी होती. हातात डबा, डब्यात फुलदाणीसारखी ताठ कोथिंबीर. "वैशाली," ती म्हणाली, "यांनी सांबार संपलं म्हणून मला कोत्तमल्ली दिली का?"

मी तिला शब्दाचा घोटाळा समजावला. ती क्षणभर डोळे मोठे करून बघत राहिली. मग जी हसायला लागली ती खालीच बसली. काकू आल्या, समोरच्या घरातली सून आली, गाडीवालाही परत आला. सेल्वीने डबा डोक्याच्या वर धरून त्याला ओरडून सांगितलं, "सांभाऽऽर!" अगदी त्याच्याच सुरात. तो म्हणाला, "आता तुमीच गाडी घ्या ताई, मी घरी जातो."

माय चुलीकडून आली होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हळूच ओट्याच्या कडेवर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. पुसून झाले तरी पदर खाली घेतला नाही.

"झालं काय वो माय?"

"काई नाई." मग म्हणाली, "अशीच म्या गेली होती तथी."

"कुठी?"

"तुह्या घराजवळच्या भाजीवाल्यापाशी. तुले सांभारवडी खाऊ घालावं म्हनलं. हिवाळा होता ना. त्याले म्हनलं, सांभार दे. त्यानं शेंगा देल्ल्या. म्या म्हनलं, शेंगा नाई, सांभार. तं त्यानं आनखी शेंगा देल्ल्या, वरून बारके बारके कांदे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पुन्हा शेंगा." तिने डब्यातला सांभार हाताने सारखा केला. "लोकं हासत होते. चाळीस वर्सं बाजार केला म्या, वैशू. आठवडी बाजारात कोनी मले फसवलं नाई. अन् तथी एका सांभारासाठी मी मुकी झाली."

सांबाराला लागतात म्हणून त्या बिचाऱ्या माणसाने शेंगा आणि छोटे कांदे दिले होते. त्याचं काही चुकलं नव्हतं. मायचंही नव्हतं. कोथिंबीर तर त्याच्या मागच्या टोपलीत रचून ठेवलेली असते. खाण्याची गत नाही, असं माय म्हणत होती तेव्हा तिला काय म्हणायचं होतं, ते मला त्या ओट्यावर कळलं.

"मले का नाई सांगतलं?"

"काय सांगू? माय अडानी हाय म्हनून?" तिने सेल्वीकडे बोट केलं. "हे पाह्य. हे बी मुकीच हाय अथी. पन कशी हासून राहिली! मले नाई हासता आलं."

मी सेल्वीला सगळं सांगितलं. ती मायजवळ ओट्यावर बसली आणि डब्यातली एक काडी काढून तिच्या केसात खोवली. माय म्हणाली, "हे काय फूल हाय काय, येडे?" पण काढली नाही.

मग एकदम उठली. "वैशू, विचार हिले. हिच्या सांभारात काय काय लागते?"

तुरीची डाळ तर घरचीच होती. चिंच होती. शेवग्याच्या शेंगा म्हटल्यावर मायनं कपाळाला हात लावला, पण काकूंच्या परसातल्या झाडावरून काढून आणल्या. सेल्वीने हातवारे करून सांगितलं, मायनं अर्धं ऐकलं. डाळ शिजली, शेंगा पडल्या, चिंच पडली आणि सेल्वीचं लक्ष नसताना चमचाभर वऱ्हाडी काळा मसालाही पडला. शेवटी मायनं वरून ओंजळभर सांभार घातला. "सांभारात सांभार," ती म्हणाली. बाजूच्या कढईत, गाडीवाल्याकडून आणखी घेतलेल्या जुड्यांची वडी तळून निघत होती.

सेल्वी भाताचा डोंगर घेऊन बसली. पहिला घास घेतला, डोळे मिटले. पोटभर जेवली, आणखी मागून घेतलं. मग मला म्हणाली, "आईंना सांग, हे सांबार नाही. पण फार चांगलं आहे."

मी जसंच्या तसं सांगितलं. मायला ते आवडलं. "खरं बोलते पोरगी," ती म्हणाली आणि तिच्या ताटात दोन सांभारवड्या टाकल्या.

मी किती वड्या खाल्ल्या ते विचारू नका. वडीचा पहिला तुकडा कढीत बुडवून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. सेल्वी म्हणाली, "तू आता माझ्यासारखी दिसतेस, मघाशी भात खाताना मी दिसत होते तशी."

तिकिटाबद्दल मायनं अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. नाही म्हणण्याची तिला आणखी एक संधी कशाला द्या?

अमरावती, बडनेरा

निघायच्या दिवशी माय म्हणाली, "मी येतो बडनेऱ्यापर्यंत सोडाले." सोबत तिने तीन पिशव्या घेतल्या. एकीत आमच्यासाठी जवसाची चटणी, पापड, तुरीची डाळ. दुसरीत ज्वारीचं पीठ. तिसरी गच्च बांधलेली होती आणि तिला मला हात लावू देत नव्हती. मी म्हटलं असेल काकूंच्या कोणा नातेवाइकाचं काही, वाटेत द्यायचं असेल.

दर्यापूरहून अमरावती. गाडीला वेळ होता, म्हणून मी दोघींना माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या गिलावड्याच्या दुकानात नेलं. उडदाचे मऊ वडे, त्यावर घट्ट दही, गोड-तिखट चटण्या. शिकत असताना महिन्यातून एकदा मनिऑर्डरच्या दिवशी आम्ही मैत्रिणी इथे यायचो आणि एक प्लेट दोघींत खायचो. आज एकटीसमोर अख्खी प्लेट होती. घास घेताना मला बाबांची आठवण आली. त्यांनी हा वडा कधी खाल्ला नव्हता.

सेल्वीने एक घास घेतला आणि टेबलावर हात आपटला. "तयिर वडै! हा आमचा तयिर वडै आहे!"

"काय म्हनते ते?" मायनं विचारलं.

"म्हनते, हा त्यांच्याकडं बी मिळते."

"असाच?"

"चटणी नसते. बाकी असाच."

माय वडा चमच्याने कापत म्हणाली, "मांगच्या वेळी काहून नाई खाऊ घातला मंग?" खरंच का नाही खाऊ घातला? तेव्हा ती येताच मी तिला कोइंबतूरला गावाकडचं काय मिळत नाही याचीच यादी सांगत बसले होते.

बडनेऱ्याला फलाटावर नेहमीची गर्दी होती. रेल्वेत कामाला असलेले लोक, रोज ये-जा करणारे लोक, संत्र्यांच्या टोपल्या. गाडी येताना दिसली. मी वाकून मायच्या पाया पडायला गेले. डोळे भरून आले होते, ते तिला दिसू नयेत म्हणून जरा जास्तच वाकले.

"पाया मंग पड," माय वरून म्हणाली. "आंधी सामान चढव."

मी तशीच वाकलेली वर बघत राहिले.

"अशी काय पाहते? तिकिट हाय ना माह्यं? का टाकलं रद्द करून?"

"हाय," मी म्हटलं. रद्द करायची तारीख केव्हाच निघून गेली होती. मी मुद्दाम विसरले होते.

"मंग चाल. अन् ते तिसरी थैली सांभाळून. माह्ये लुगडे हाय त्यात." ती सेल्वीचा हात धरून डब्यात चढली. वर गेल्यावर मागे वळून म्हणाली, "ही पोरगी येऊ शकते आपल्याकडं, तं मले काय धाड भरली?"

कोइंबतूर

आम्ही परत येऊन आता बरेच दिवस झाले. संक्रांत इथेच झाली, म्हणजे पोंगलच झाला. मायनं तिळगूळ केला, सेल्वीच्या घरून गोड पोंगल आला. त्याला माय गुळाची खिचडी म्हणते आणि वाडगा पुसून खाते. उन्हाळ्यात ती गावी जाणार आहे. कुरडया, पापड तिच्याशिवाय कोण करणार? पुढच्या हिवाळ्याचं विचारलं तर म्हणते, "पाहू." मायच्या भाषेत 'पाहू' म्हणजे तिकीट काढायला हरकत नाही.

इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती भाजीवाल्याकडे निघाली. मी सोबत येते म्हटलं तर मला घरी बसवलं. "तू नको. शेवंती चालते." सेल्वीने तिला वाटेत 'कोत्तमल्ली' हा शब्द शिकवायचा प्रयत्न केला. मायच्या तोंडी तो बसेना. 'कोथमली', 'कोतमाली', एकदा तर 'कोतवाली'. शेवटी भाजीवाल्यापुढे उभी राहून तिने स्वतःच मागच्या टोपलीतली जुडी ओढून काढली, त्याच्या नाकासमोर धरली आणि ठणकावून म्हणाली, "सांभार!"

तो तिला ओळखत होता. शेंगावाली अम्मा. त्याने हात जोडले आणि मोठ्याने हसला. यावेळी मायही हसली.

आता मायला लांबून येताना पाहिलं की तो जुडी उंच करून हाक मारतो, "अम्मा, सांभार!" बाकीची गिऱ्हाइकं चमकून बघतात. आणि सकाळी सायकलवाला आला की माय दर्यापूरहून आणलेला तोच स्टीलचा डबा घेऊन खाली उतरते आणि त्यालाही सांगते, "सांभार!" तो डबा भरून देतो. ती वर घेऊन येते, त्यात वरून काळा मसाला घालते आणि इडलीसोबत खाते. आजाऱ्याचं खाणं आता रोज चालतं.

एकदा मी तिला म्हटलं, "माय, दोघांसाठी एकच शब्द. घोटाळा होईल कधी तरी."

"कायले होईल?" माय म्हणाली. "शब्द एकच राहू दे. थैली न्यायची का डबा, तेवढं समजलं म्हनजे झालं."